शेंड्याकडून

३ नोव्हेंबर
सुनेच्या बाळंतपणासाठी कुवेतला आले. घर वफ्रा नावाच्या गावात, शेतमळ्यावर. सूनबाईने, विशाखाने, ही वही दिली. म्हणाली, वेळ जाईल. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहीन. मुलगा शत्रुघ्न इथलं काचघर सांभाळतो. बाहेर वाळू, आणि आत मालकाने कुठल्या लांबच्या समुद्रातल्या बेटावरचं रान लावलंय. श्रीमंतांना दुसरं काम नसतं. झाडं देखणी, सगळी एकाच वर्षी लावलेली. खाली बोटभर रोपं आहेत, ती वाढतच नाहीत म्हणे.

१२ नोव्हेंबर
नातू आठ दिवसांचा. नाळ पडली. आमच्याकडे ती माडाखाली पुरतात, मग पोर आणि झाड जोडीने वाढतं. इथे माड कुठून आणू? काचघरातल्या एका रोपाखाली पुरली. शत्रुघ्न चिडला. मी म्हटलं, तुझीही पुरली होती, काय वाकडं झालं?

२० नोव्हेंबर
मोठी झाडं एकदम वाळू लागली. शेंड्याकडून. रोग नाही. शत्रुघ्न सांगतो, त्या बेटावरही असंच होतं. एका वयाची झाडं एकत्र जातात, मग खाली ऊन पडतं आणि पिलं वर येतात.
नाळेचं रोप गुडघ्याएवढं झालंय.

२६ नोव्हेंबर
शत्रुघ्नच्या टाळूवरचे केस गेले. बोटांची सालं निघतात. विशाखाचं दूध आटलं. दोघं एका वर्गातली, एका वयाची. दवाखान्यात म्हणतात, रिपोर्ट चांगले. नातू मात्र गुबगुबीत. तीन आठवड्यांचा, आणि बसतो.

१ डिसेंबर
माळी महबूब पळाला. तोही त्यांच्याच वयाचा. शहाणा निघाला.
नाळेच्या रोपापाशी बसून म्हटलं, त्या दोघांऐवजी मला ने, मी सत्तरीची. काही नाही. म्हातारीला इथेही कोणी विचारत नाही.

४ डिसेंबर
विशाखा गेली. रडू आलं नाही. भात लावला.
नातू मांडीवर होता, रोप जरासं ओढून पाहिलं — तो निळा पडला. माती दाबली. श्वास आला.
शत्रुघ्नला सांगितलं. रोपाला हात लावू नको म्हणाला.

६ डिसेंबर
दुपार. शत्रुघ्न बोलत नाही. पापण्या हलतात, तेवढंच.
नातवाचा चेहरा मला अजून पाठ नाही. शत्रुघ्नचा आहे.
खुरपं घेऊन काचघरात रोपापाशी बसलेय. नातवाला घरात पाळण्यात ठेवलं, दाराला कडी घातली.
कडी वाजली —
काचेपाशी उभा आहे. महिन्याचं पोर, उभं — खुरप्याकडे बघतंय, आणि आता दार