गळती बंद

३ तारीख, सकाळी ७
आजपासून भीती बंद. बावीसला कमिटी. पीएचडी पुढे चालू की गाशा गुंडाळायचा, ते तिथेच ठरेल. त्रेचाळिसाव्या वर्षी असल्या गोष्टींना मी भीत नाही. पोट बिघडलंय, ते वेगळं.

४ तारीख
चूक सापडली! माझी फिल्म म्हणजे काचेवर शिशाचे बारीक दाणे. खूप गार केले की प्रत्येक दाण्यात वीज बिनविरोध धावते. पण सगळ्या दाण्यांचा ताल एक झाला, तरच सबंध फिल्ममधून. माझ्या फिल्ममध्ये तो जेमतेम जुळतो. कारण उघड आहे. दाण्यांखालच्या चांदीच्या थरातून ऊर्जा गळते. चांदी काढणार. गाईडबाईंना विचारायचं राहिलं. धीर झाला नाही असं नव्हे, त्या फोनवर होत्या.

६ तारीख
तोच नियम मलाही. ताईला फोन करून रोज पाऊण तास रडणं ही गळतीच. बंद. चहाच्या वेळी नवऱ्यापाशी कुरकुर, तीही बंद. नवऱ्याने विचारलं, बोलत का नाहीस, दात दुखतोय का. हो म्हटलं. संध्याकाळी त्याने लवंगतेल आणलं. लावावं लागलं.

११ तारीख
बिनचांदीची फिल्म तयार. लॅबमधल्या काकांनी विचारलं, मॅडम, चांदी विसरलात की काय. विसरले नाही, काढली, असं ताठ मानेने सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला. घाम आला असावा.

१५ तारीख
ताईचे अकरा मिस्ड कॉल. छातीत धडधडतंय. कॉफी कमी करायला हवी.
मी कॉफी पीत नाही.

१८ तारीख, दुपारी ४
फिल्म गार केली. मीटर म्हणतो, अडथळा मोजण्यापलीकडे. वायर सुटली असणार. सुटलेली नाही. मग मीटर बिघडलाय. दुसरा आणला. तोही बिघडलेला निघाला.

२० तारीख
नवऱ्याने दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. गेले. खरं सांगण्यापेक्षा सोपं. डॉक्टर म्हणाले, दात ठणठणीत आहेत, पण तुम्ही झोपेत ते करकर चावता, कसली भीती वाटते का. तोंडात आरसा होता, म्हणून उत्तर देता आलं नाही.

२२ तारीख
कमिटीतल्या एकांनी विचारलं, चांदी का काढली. गळती थांबवायला, म्हटलं. गाईडबाई हळूच म्हणाल्या, अगं, त्या गळतीनेच दाण्यांची चुळबूळ शमत होती, म्हणून तर ताल धरत होते. आता प्रत्येक दाणा आपल्या जागी उत्तम आणि शेजाऱ्याचा पत्ता नाही. हे तुझ्याच पहिल्या प्रस्तावात आहे, पान चार. थोडक्यात दाणादाण, असं कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच वेळ.
तीन महिने दिलेत. शेवटचे.

२२ तारीख, संध्याकाळी
ताईला फोन केला. हॅलोसुद्धा धड म्हणता आलं नाही. पाऊण तास.
मग नवऱ्याला सांगितलं, दात दुखत नव्हता, मी घाबरलेय, पहिल्या दिवसापासून. तो म्हणाला, माहीत होतं. पण भीतीवर काय लावतात, ते दुकानात विचारता येईना.