बापूंची धाबळी आणि मोतीच्या पिसवा

ठाणे, कार्तिक शुद्ध षष्ठी

आमचे थोरले बंधू बापू स्वतःला वैद्य म्हणवतात, आणि कुत्र्याला शिवत नाहीत! सीताफळाच्या पाल्याचा रस पिसवांवर चालतो का, ते पाहून त्यांना वर्तमानपत्रात छापायचे आहे. पण रस चोळायचा कोणी? मी. बापू सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून ओट्यावरून हुकूम सोडणार, "अरे, शेपटीखाली चोळ!"

आज मोतीला ओट्याला खेटूनच बसवले आणि चोळले. पिसवा टणाटण उड्या मारत सुटल्या त्या थेट धाबळीत. लोकरीची ऊब, त्यातून धाबळी कधी धुवायची नाही. आणखी काय हवे त्यांना?

सांजेच्या पूजेत बापू घंटा टाकून मांड्या खाजवू लागले. वर मलाच म्हणतात, "पाल्यात दम नाही रे. पिसवा उलट वाढल्या." कोणाच्या अंगावर वाढल्या, तेवढे मात्र या विद्वानाला दिसत नाही! मोती कित्येक दिवसांनी न खाजवता अंगणात घोरत पडला होता.

शेवटी मीच विचारले, "बापू, उरलेला रस धाबळीला लावू का?"

"खुळा की काय तू? कुत्र्याचे औषध ते! ओवळी होईल ना धाबळी."