बलभीमाची नऊ वर्षे

मी, गोपाळकृष्ण अनंत धारूरकर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा पूर्वी मुख्याध्यापक आणि आता काही नाही, राहणार भूम, जिल्हा उस्मानाबाद, आज शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, ही माझी शेवटची इच्छा स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला जिना चढायला मनाई केली आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. आठ वर्षांपूर्वी ते असेच ठिकाणावर असते, तर खालचे चौथे कलम लिहायची पाळी आली नसती.

कलम पहिले. भूम येथील राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी प्रमोदिनी, सध्या राहणार लातूर, हिला द्यावी. तिची आई सत्यभामा सहा वर्षांपूर्वी गेली. परसात तिने लावलेले लिंबू आहे, ते तोडू नये. पुढच्या खोलीतल्या भाडेकऱ्याला पावसाळ्यात बाहेर काढू नये.

कलम दुसरे. माझा पुतण्या बाबूराव जिल्ह्याच्या ठिकाणी कारकून आहे. प्रत्येक दिवाळीला येतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चहा पितो. ते घड्याळ त्याला द्यावे. चालत नाही. मी दुरुस्त करून घेतले नाही आणि तो नेईपर्यंत कोणी करूनही घेऊ नये. बाबूरावाला दुसरे काही मिळणार नाही. का, ते त्याला ठाऊक आहे.

कलम तिसरे. पुस्तके आणि जगाचा मोठा नकाशा ज्या शाळेला हवा असेल तिने न्यावा. नकाशावर डेन्मार्कपाशी बोटांनी कागद मळला आहे, त्याचे कारण पुढे येईल. माझी वेताची छडी चुलीत घालावी. वजाबाकी चुकली म्हणून त्या छडीने मी पुष्कळ पोरांचे हात सुजवले आहेत.

कलम चौथे. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी यासाठीच हा सगळा कागद.

भूमपासून चार कोसांवरच्या एका वाडीच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. तिथल्या धुरपदाबाई हुंबे यांचा मुलगा बलभीम माझा विद्यार्थी. त्या वेळी एक सरकारी योजना निघाली होती. खेड्यातल्या तरुणाने सहा महिने परदेशी शेतकऱ्याच्या घरी राहून काम शिकायचे आणि तिकडच्या तरुणाने आपल्याकडे यायचे. बोटीच्या भाड्याला सरकारचे अनुदान. अर्ज मीच भरला. आधी तिकडचा मुलगा आला, डेन्मार्कचा नील्स. वाडीने त्याचा निळू केला. धुरपदाबाईंच्या घरी दोन महिने राहिला, ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढले आणि पुन्हा ठेचाच मागितला. म्हैस अशी पिळायचा की बायामाणसे बघायला येत. जाताना बलभीमाला म्हणाला, आमच्या घरी तेवीस गाई आहेत, तू ये, मी स्टेशनवर उभा राहतो. त्यानंतर बलभीम रोज शाळेत येऊन माझ्या नकाशावर बोट ठेवायचा.

अनुदान मंजूर झाले. अट एकच, वय तिसाच्या आत असल्याचा शाळेचा दाखला.

आता माझी चूक. निजामाच्या राज्यात दोन सन चालत, हिजरी आणि फसली. आकडा तोच असला तरी हिजरी सन नऊ वर्षे जुना पडतो. आमच्या नोंदवहीत आधीची पाने हिजरीत आणि पुढची फसलीत होती. छप्पन्न साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि सगळ्या जन्मनोंदी इसवी सनात कराव्यात असा हुकूम आला. एका उन्हाळ्यात मी अख्खी वही उतरवली, सरसकट हिजरीच्या हिशेबाने. फसलीची पाने आली, माझ्या ध्यानातच आले नाही. बलभीमाचे साल १३४५. ते फसली, म्हणजे १९३६. मी लिहिले १ जून १९२७. एक जून तर आम्ही सगळ्यांनाच देत होतो.

अठ्ठावन्न साली दाखला मुंबईला गेला. बावीस वर्षांचा पोरगा कागदावर एकतिसाचा झाला. मुलाखत घेणारे साहेब शहाणे होते. त्यांनी मला पत्र लिहिले, उमेदवार इतका थोराड दिसत नाही, नोंद तपासून महिन्याच्या आत कळवावे, जागा राखून ठेवली आहे.

मी तपासली. पाच मिनिटांत चूक सापडली. त्याच पानांवर आणखी चाळीस पोरांची वये तशीच वाढवलेली निघाली. माझ्या निवृत्तीला सात महिने होते. बाबूराव तेव्हा इथेच होता. म्हणाला, "काका, चाळीस दाखले चुकले म्हंजे चौकशी लागंल. पेन्शन अडकंल. गप बसा. एक पोरगं न्हाय गेलं तर काय दुनिया बुडती का?"

मी उत्तर लिहिले: नोंद बरोबर आहे.

हे तीन शब्द माझे आहेत. बाबूरावाने सल्ला दिला, टाक त्याने धरला नव्हता.

धुरपदाबाई शाळेत आल्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "गुरुजी, बसप्पाच्या हिरीला पाणी लागलं त्या साली झालाय माझा बलभीम. हीर बघा की, लई जुनी न्हाय ती." मी त्यांना म्हणालो, बाई, विहिरीवरून सरकार वय धरत नाही. अरे देवा, काय बोललो मी त्या माउलीला! तिची विहीर खरी होती आणि माझी वही खोटी.

नील्स स्टेशनवर उभा राहिला असेल की नाही, मला माहीत नाही. पुढे दुधाच्या खात्यात आणि ग्रामसेवकीतही बलभीमाला हेच वय आडवे आले. आता तो भूमच्या स्टँडवर एसटीच्या टपावर सामान चढवतो. मला पाहिले की खाली उतरून पाया पडतो. तो पाया पडला की मला घरी येऊन जेवण जात नाही. यंदा त्याला खरी तीस वर्षेही पुरी झाली. म्हणजे आता कबूल करूनही तो डेन्मार्कला जाणार नाही. मी वाट पाहिली ती नेमकी एवढीच. भित्र्या माणसाला कबुलीसुद्धा मुदत संपल्यावरच सुचते.

कलम पाचवे. खुंटीवरचा काळा लोकरी कोट धुरपदाबाईंना परत द्यावा. येरमाळ्याच्या जत्रेत कापड घेऊन त्यांनी तो बलभीमाला परदेशासाठी शिवून घेतला होता. जाणे रद्द झाल्यावर बलभीमाने तो मला आणून दिला. म्हणाला, "इथल्या थंडीला एवढा काय करायचाय, गुरुजी? तुमीच घाला, तुमाला खोकला हाय." आठ हिवाळे मी तो घातला. घातला, लाज नाही वाटली म्हणून नव्हे, नाही म्हणालो असतो तर का ते सांगावे लागले असते.

कलम सहावे. प्रमोदिनीने चौथ्या कलमाची नक्कल शाळाखात्याच्या कचेरीत द्यावी आणि बलभीमासह एक्केचाळीस जणांची वये दुरुस्त करून मागावीत. होईल अशी मला आशा नाही. लिहिणारा मेल्यावर नोंद बदलत नाही, हे मी स्वतः लोकांना तीस वर्षे सांगत आलो. तरी तिने खेटे घालावेत. माझे तेरावे करू नये, तो वेळ यात घालवावा.

मुक्काम भूम, तारीख १० जून १९६६.

(सही) गोपाळकृष्ण अनंत धारूरकर

साक्षीदारांपैकी मी, तहसिलीबाहेर अर्ज लिहिणारा, नोंद करतो की गुरुजींच्या आग्रहावरून दुसरा साक्षीदार बलभीम यास स्टँडवरून बोलावून आणले. सर्व मजकूर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. चौथे कलम त्याने पुन्हा वाचायला लावले. गुरुजींनी त्याच्यासमोर सही केली. मग बलभीमाने टाक हातात घेऊन विचारले, "गुरुजी, वय कोनतं लिवू?" गुरुजींनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी त्याला सांगितले की कागदोपत्री आहे तेच लिही, नाहीतर तुझी साक्ष टिकणार नाही आणि साक्ष टिकली नाही तर हे सगळे लिहिणे फुकट जाईल. त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.

साक्षीदार:

१. वसंतराव दिगंबर परंडेकर, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जनवीस, राहणार भूम. (सही)

२. बलभीम कोंडीराम हुंबे, वय वर्षे एकोणचाळीस, धंदा हमाली, राहणार भूम. (सही)