पात्याखालचं पीठ

रविवार, ४ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते लगेच उघडलंत की पाण्याच्या तांब्याखाली ठेवून दिलंत, याचा अंदाज मी करत नाही. आम्ही तिघं बरे आहोत. आमची मुंगी आता उंचीने माझ्या कानापर्यंत आली आहे, तरी नाव मुंगीच. तुमचा भाऊ चष्म्याच्या दुकानातून येताना स्वतःचा चष्मा तिथेच विसरून येतो. माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा, नमुन्याच्या बाटल्या, त्यावरची लेबलं, सगळं नेहमीचं.

परवा यांनी सांगितलं की तुमच्या तपासण्यांचा निकाल आला आणि मुंगीचंच, गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचं दुखणं तुम्हालाही निघालं. साठी उलटल्यावर गहू बंद. वाईट वाटलं. ते जिन्यात उभं राहून तुमच्याशी बोलले आणि मग वर आले. (तुमच्याशी ते नेहमी जिन्यातच बोलतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.) म्हणाले, ताई म्हणतेय, ब्रेडचं मशीन कुठलं घ्यावं ते तुझ्या बायकोला विचार. सव्वा वर्षातला हा तुमचा पहिला निरोप. फोन करता आला असता, पण फोनवर मी नेमकी नको तिथे गप्प बसते. म्हणून लिहिते.

मशीन नवीनच घ्या. तुमच्या शेजारणीकडे एक पडून आहे म्हणे. तिने कितीही आग्रह केला तरी ते आणू नका. ज्यात एकदा गव्हाचं पीठ मळलं ते आपल्या कामाचं नाही, कितीही घासा.

ग्लूटेनविरहित पावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे ना ते बघा. गव्हाची कणीक दोनदा फुगवतात, मधे दाबून बसवतात. आपलं पीठ एकदाच फुगतं. मधे कुणी ढवळलं की बसतं, ते पुन्हा उठत नाही. भांडं लहान घ्या, एका माणसाला मोठा पाव संपत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचा भुगा होतो. भांड्याच्या तळाशी मळणारं पातं असतं, ते सहज निघायला हवं. दुकानदाराला समोर काढून दाखवायला सांगा. पातं निघालं की खाली एक छोटा दांडा दिसतो. तो दर वेळी ब्रशने घासायचा.

सगळं काट्यावर मोजा, वाटीने नाही. मी तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ निम्मं निम्मं घेते, थोडा बटाट्याचा स्टार्च, चिकटपणाला इसबगोलाची पूड. आधी पाणी, अंडी, तेल, मग पिठं, सगळ्यात वर यीस्ट. मिश्रण केकसारखं सैल दिसेल. घाबरून कोरडं पीठ घालू नका. पहिल्या पाच मिनिटांत झाकण उघडून कडेचं पीठ रबरी उलथन्याने आत ओढा. मळणं संपलं की ओल्या बोटांनी पातं काढून घ्या, नाहीतर पावाच्या पोटात भोक पडतं. आणि काढलेलं पातं तसंच बाजूला ठेवू नका, लगेच धुवा. भाजून झाल्यावर पाव भांड्यात ठेवला तर त्याला घाम फुटतो आणि बूड ओलं होतं, म्हणून लगेच बाहेर. दोन तास कापायचा नाही. हे मला अजून जमलेलं नाही.

माझ्या वहीत आजवर अकराशे अठरा पावांची नोंद आहे. किती फुगला, किती खचला, कुणी किती खाल्ला. इतकं लिहून काय मिळवलं, असं हल्ली वाटतं. थकायला होतं. रोज सकाळी तोच काटा, तीच पिठं.

मुंगीला तुमचं अजून सांगितलेलं नाही. तिची परीक्षा चालू आहे.

तब्येतीला जपा. आणि ते पात्याखालचं विसरू नका. गव्हाचं त्यात एकदाही करू नका, कुणासाठीही.

तुमची भावजय

—

१३ मार्च

भावजयबाई,

पत्र तांब्याखाली ठेवलं नव्हतं. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

मशीन आणलं. दुकानदाराला पातं काढायला लावलं तर त्याला ते निघेना. मागे उभ्या असलेल्या बाईने पिशवी खाली ठेवून काढून दिलं आणि मशीन न घेताच निघून गेली. पहिला पाव विटेसारखा झाला. दुसरा फुगला आणि मधोमध खचला, एखाद्याचं मन मोडावं तसा. तिसरा शेजारणीने मागून खाल्ला आणि काहीच बोलली नाही. बाई सभ्य आहे. तुझ्या पावाला मी पुठ्ठा म्हणाले होते, ते शब्द परत घेते. पुठ्ठा करायलाही कसब लागतं, हे आता कळलं.

एक विचारते. पातं, दांडा, घासणं, हे तू एका पत्रात तीन ठिकाणी लिहिलं आहेस. मी तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. जिथे चुकून कापड कातरलं गेलेलं असतं, तिथेच मुलींचा हात सारखा जातो. मी एकटी राहते. माझ्या मशीनमध्ये गव्हाचं कोण करणार आहे, आणि कुणासाठी?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मुंगीची परीक्षा फेब्रुवारीतच संपली असं तिचा बाप म्हणाला. तिला आशीर्वाद सांग, जमलं तर.

ताई

—

सोमवार, १९ मार्च

ती. ताई,

परीक्षेचं मी खोटं लिहिलं होतं. तिथूनच सुरुवात करते, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. तरी लिहिते, माझ्याकडून ते आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात तुम्ही आठ दिवसांसाठी आला होता. दुसऱ्या दिवशी मुंगीच्या पावाचा तुकडा मोडून म्हणालात, अगं हा पाव नाही, पुठ्ठा आहे. सगळ्यात जास्त मुंगीच हसली. मीही हसले आणि मला ते लागलं. दोन वर्षं रोज पहाटे उठून केलेल्या कामाला पुठ्ठा. पुढे अजून काय काय वाटलं ते लिहीत बसले तर स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल. गुरुवारी मुंगी शाळेत आणि तुमचा भाऊ दुकानात गेल्यावर मी पर्समधून मैद्याची पुडी काढली. आमच्या घरात दोन वर्षांत गव्हाचा कण आला नव्हता. तिच्याच मशीनमध्ये तुमच्यासाठी पाव केला. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून गरम गरम तीन तुकडे खाल्लेत आणि म्हणालात, याला म्हणतात पाव. मी पाच खाल्ले. तुमच्यासाठी केला हे अर्धंच खरं आहे, ताई. मला तो वास हवा होता.

मग भांडं तीनदा धुतलं. प्रयोगशाळेत नमुन्याची बाटली तीनदा विसळतात, तसं. एका थेंबाने काय होतं ते मला शिकवावं लागत नाही, त्याचाच मला पगार मिळतो. पण पातं घट्ट बसलं होतं, निघेना, आणि मला दुपारच्या पाळीला उशीर होत होता. म्हटलं, राहू दे, पाणी तर फिरवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातच मुंगीचा पाव लावला.

त्या संध्याकाळी तुम्ही तिला बागेत नेलंत, लिंबाच्या गोळ्या घेऊन दिल्यात. शनिवारी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट धरून ती जमिनीवर लोळली, दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाण्यात आलं का? आणि मी म्हणाले, "या ताईंना विचारा. काल बागेत यांनीच गोळ्या दिल्या."

तेव्हा मला खरोखर गोळ्यांचाच संशय होता का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तर झिजून गेलं आहे. थोडा होता. आणि थोडं मला आतून कळलं होतं.

तुम्ही डॉक्टरांकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "वेष्टन वाचून दिल्या होत्या." एकदाच. मुंगी कॉटवर पडून ऐकत होती.

तिचे कपडे न्यायला मी घरी आले आणि पक्कड घेऊन पातं काढलं. खाली दांड्याभोवती पिठाचं कडं बसलेलं होतं. चिमटीत धरून ओढलं. आपलं पीठ ओढलं की तुटतं, ताई. हे ताणलं गेलं, गव्हाचंच. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि आपल्या डब्यात न टाकता रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. परत आले तेव्हा आतल्या खोलीत तुम्ही बॅग भरत होता. मी दारात उभी राहून विचारलं, "गाडी बोलावू का?"

नंतर ते मशीनही टाकलं, मोटर जळाली असं सगळ्यांना सांगितलं, नवीन आणलं. त्या गुरुवारच्या पावाची नोंद माझ्या वहीत नाही. मुंगी मात्र मैत्रिणींना सांगत राहिली, आत्याने मला आजारी पाडलं होतं. मी ते भाजी निवडत ऐकत राहिले. दर वेळी वाटायचं, आत्ता बोलावं. मग वाटायचं, आत्ता नको, ती जेवतेय.

तुम्ही तो पाव खाल्ला होता. मशीन घरात एकच आहे हे तुम्हाला दिसत होतं. डॉक्टरांसमोर तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी संपले असते. बोलला नाहीत. मला वाटतं, बारा वर्षांच्या पोरीला रोज आईच्याच हातचं खायचं आहे, तिला त्या हाताची भीती बसू नये, म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत. की हेही मी माझ्या सोयीचं ठरवतेय? तुम्ही नुसत्या माझ्याशी भांडून थकलाही असाल.

तुमचं पत्र आल्यावर आधी यांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, ताई कधी बोलली नाही, पण गोळ्यांनी झालं असंही कधी म्हणाली नाही.

काल दुपारी जेवताना मुंगीला सांगितलं. गोळ्यांपासून कचरापेटीपर्यंत सगळं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "आत्याला माहीत होतं?"

"बहुतेक."

"मग ती बोलली का नाही?"

म्हटलं, तू माझ्या हातचं खाणं सोडशील म्हणून. तिने ताटातला पावाचा तुकडा कडेला सरकवला, उठली, पातेलं स्वतः घासून घेतलं आणि दोन बटाटे उकडून खाल्ले. रात्रीही बटाटेच. ज्याची भीती होती ते झालं. इतके महिने ते टाळायला मी तुमचं नाव खर्ची घातलं, आणि झालं तेव्हा ते एवढंच होतं: एक मुलगी गॅसपाशी माझ्याकडे पाठ करून उभी.

आज ती शाळेतून आल्यावर वही मागून घेऊन गेली. स्वतः वजनं केली, स्वतः पाव लावला. मला खुर्चीवर बसवून ठेवलं, ओट्याजवळ येऊ दिलं नाही. दोन तास न कापता थांबली. माझ्यासमोर एक तुकडा ठेवला. पाव चांगला झाला होता, माझ्यापेक्षा हलका.

सुट्टी लागली की तिला तुमच्याकडे यायचं आहे. एकटीला. तुम्हाला फोन मी करू का विचारलं तर म्हणाली, मीच करेन. बसमध्ये बसवून द्यायला मी जाईन, तिच्याबरोबर येणार नाही. मला बोलवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि नाही ठरवलंत तरी मी यांना आता जिन्यात उभं राहू देणार नाही. घरात बसून बोलतील.

माफी मागण्याइतकं धैर्य आज उरलेलं नाही, ते गोळा झालं की समोर येऊन मागेन. मुंगी तुम्हाला त्या दिवसाबद्दल विचारेल, माझ्याबद्दलही विचारेल. तिला जसं होतं तसं सांगा. मी वाईट दिसत असले तरी सांगा. या वेळी मला वाचवू नका, ताई.

अजूनही तुमची म्हणवून घेणारी,
भावजय