फिल्टरच्या खोलीची वाटणी

खाली जिचा अंगठा आहे ती मी, दोन मुलांची आई, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. डोक्याबद्दल शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या मुलांच्या डोक्यांचा दाखला द्यायला ते तयार झाले नाहीत. मला अक्षर येत नाही. नात लिहीत आहे. मी बोलेन ते सगळे लिहायचे, गाळायचे नाही, असे तिला बजावले आहे.

कलम १. घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला. भांडण आहे ते खालच्या मागच्या खोलीचे. तिथे दोघे वॉकीटॉकीत बसणारे फिल्टर करतात. काचेसारख्या एका पातळ चकतीतून तिळाएवढे शेकडो तुकडे कापायचे. हवेतल्या गोंगाटातून आपला तेवढा आवाज पुढे सोडायचा आणि बाकीचे अडवायचे, हे त्या तुकड्याचे काम. आवाजाची लाट त्याच्या पाठीवरून वरच्यावर धावते, म्हणून बोट लागले की संपले. हे थोरल्याने मला दारातच उभे करून समजावले. आत घेतले नाही.

मागे अग्निशमनवाल्यांच्या कामाची अख्खी चकती वाया गेली. पाहिले तर मधोमध बोटाचा ठसा. थोरला म्हणाला तुझा, धाकटा म्हणाला तुझा. जुळवून बघायला एकही पुढे येईना. तेव्हापासून अबोला आहे. सकाळी थोरला खोलीत, दुपारनंतर धाकटा, आणि जिन्यात मी.

"आई, त्या गाढवाला सांग, फिल्टरवरची झाकणं संपलीत."

"आई, त्या दीडशहाण्याला सांग, मला डोळे आहेत."

गाढव आणि दीडशहाणा मी जिन्यातच ठेवते, झाकणे तेवढी पोचवते. आता जिन्यात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. माझे गुडघे गेले. माझ्यामागे हे काम कोण करणार?

कलम २. खोली आपल्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून दोघांनीही वेगवेगळे येऊन माझे पाय चेपले. चेपले चांगले. खोली दोघांची राहील. मध्ये भिंत घातली, पडदा लावला किंवा तिसऱ्याकरवी निरोप धाडला, तर खोली नातीची. ती म्हणते, भाड्याने देईन. तेही लिही.

कलम ३. यंत्रे माझ्या बांगड्या मोडून घेतली, म्हणून माझी. चकतीवर रेषा उमटवायचे यंत्र थोरला चालवतो, ते धाकट्याला. तपासायचे धाकटा चालवतो, ते थोरल्याला. हे चुकून सांगितलेले नाही.

कलम ४. शिलाईचे मशीन मोठ्या सुनेला, कपाट धाकटीला. दोघी एकमेकींशी बोलतात, त्यामुळे अट नाही. शेजाऱ्याने नेलेली शिडी शेजाऱ्यालाच. मागून मागून माझी जीभ झिजली.

कलम ५. हा कागद वकिलाने वाचायचा नाही. एक कलम थोरल्याने, पुढचे धाकट्याने, समोरासमोर बसून, मोठ्याने. एक अडखळला तर दुसऱ्याने सांगायचे.

"आई, हात लावू नकोस" हे ज्या अंगठ्याने इतकी वर्षे ऐकले, तोच खाली उमटवत आहे. हा ठसा कोणाचा, यावर भांडू नये.

अंगठा: उमटवला.
साक्षीदार: औषधांच्या दुकानाचे मालक आणि एक निवृत्त पोस्टमन (पोस्टमनना ऐकू कमी येते, म्हणून दोनदा वाचून दाखवले).
ठिकाण: जिन्याची मधली पायरी.
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावरचीच.