हातमोज्यांतलं मीठ

मी, जीवन दादू घरत, वय एकोणसाठ, मिठागरवाला, बिनलग्नाचा, तालुका उरण, जिल्हा रायगड, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणी डोक्यावर बसलेले नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते धाकटा भाऊ गणराज यास न देता त्याची बायको हेमाली हिला देतो. कारण कलम तीनमध्ये.

२. पंखा, तवा व कपडे टांगायची बांबूची घोडी गावातल्या शर्यतीच्या पोरांना. गणराज मातीवरच्या मोटरसायकल शर्यती खेळायचा. दोन शर्यतींमध्ये जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात घामाने चिंब जाकीट उलटे करून सावलीत टांगायचे, हेल्मेटचे अस्तर पंख्यापुढे धरायचे, आणि आतला घाम शोषायला तव्यावर भाजलेल्या मिठाच्या पुरचुंड्या हातमोज्यांत कोंबायच्या. आमच्या दमट हवेत दुसरे काही चालत नाही. युक्ती माझी. अकरा वर्षे तो उतरला की दोन्ही हात माझ्यापुढे करायचा आणि मी हातमोजे ओढून काढायचो. लग्न झाले आणि त्याने हात हेमालीपुढे केले. मीठ भाजायला तिला मीच शिकवले, तर ती माझ्याहून बरे भाजू लागली. जळलो मी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

३. म्हसळ्याच्या शर्यतीत तिने भरलेले मीठ मी गुपचूप काढले आणि आगरातले कच्चे मीठ भरले. ते हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरते, मला ठाऊक होते. हातमोजे ओले निघावेत आणि गणराजने म्हणावे, "दादा, तूच कर रे," एवढेच हवे होते. त्याने घाईत तसेच घातले. ओल्या मोज्यातून हँडलवरचा हात सुटला, मनगट मोडले, शर्यती संपल्या. आई, मनुबाई, म्हणाली, "या बाईनं माझ्या पोराचा हात घालवला." नऊ वर्षे आई तिच्या हातचा चहा घेत नाही. मी समोर बसून पितो.

४. हा कागद मी मेल्यावरच उघडावा. (खोडले. जी. दा. घरत)

खोडण्याचे कारण: साक्षीदार विनेश सही करीना. "मेल्यावर कशाला? आता जा न् सांग, न्हायतर माझी सही न्हाय." दुपारी हेमालीला सांगितले. तिने हातातले पातेले विसळून पालथे घातले. मग म्हणाली, "घर राहू द्या, दादा. आधी आईंना सांगा."

आई ठार बहिरी. तीनदा ओरडून सांगावे लागले. आख्खी आळी दारात आली. गणराज पुढेच उभा होता. त्याची सही लागत नाही.

साक्षीदार: विनेश भोईर (सही)
ठमाबाई कडू, शेजारीण (अंगठा; सगळे ऐकले)
जीवन दादू घरत (सही)
उरण, १४ मे २०२४