उदाहरण चौथं

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझ्या तर्कशास्त्राच्या पुस्तकाची प्रुफं तपासून झाली. फक्त विधेयाचं प्रकरण माझ्या टेबलावर अडकलंय, आणि छापखान्याला ते शुक्रवारी हवंय.

प्रकरण सोपं लिहिलंयस. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे म्हणायचं ते विधेय. उद्देश्याच्या जागी 'क्ष' ठेवला, की वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही. नाव घातल्यावर काय ते ठरतं. पोरांना कळेल.

मग उदाहरण चौथं: 'क्षने अंथरुणावरच्या वडिलांना थोबाडीत मारली.'

छापखान्यातला अक्षरजुळणीवाला वाचून म्हणाला, "ताई, हा क्ष भलताच नालायक दिसतो. म्हाताऱ्याला जेवायला तरी घालत होता का?" मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

म्हणजे तू पाहिलं होतंस. सहा वर्षं मी धरून चालले होते, की तू तेव्हा बाहेरच्या खोलीत होतास.

बाबांनी त्या सकाळी तिसऱ्यांदा चादर भरवली होती. मी पुसत असताना त्यांनी घाणीने भरलेला हात माझ्या तोंडावरून फिरवला. मी मारली. एकदाच, पण जोरात. ते म्हणाले, "चुकलो, बाई." पोटच्या पोरीला बाई म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दारात होतास तर तुलाही ऐकू आलं असेल. तू आत आला नाहीस. अर्ध्या तासाने बॅग घेऊन म्हणालास, "तायडे, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मला चार शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं. तू ब्र काढला नाहीस, आणि आता तेच पोरांना सरावाला दिलंस. शी.

ते वाक्य मी खोडलेलं नाही. खरं आहे ते. त्याखाली पाचवं लिहिलंय: 'क्षने हे दारातून पाहिलं आणि आपली बॅग भरली.' छापायची तर दोन्ही, गाळायची तर दोन्ही. शुक्रवारच्या आत कळव. नावं आपली आपण घालून घेऊ.

जिने हात उचलला ती,
तुझी ताई